साडू, को-ब्रदर आणि पार्टनर: एका शब्दपुस्तकाची प्रस्तावना

हैदराबादेत एखाद्या तेलुगू घरी लग्नाला गेलात, तर वधूपिता शेजारच्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवून ओळख करून देतात, 'हे माझे को-ब्रदर.' लंडनहून आलेला पाहुणा नुसताच हसून मान हलवतो, कारण त्याच्या इंग्रजीत असा शब्द नाही. मराठी पाहुण्याला मात्र दोन वाक्यांतच उलगडतं की हे साडू आहेत. तेलुगूत बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला तोडल्लुडु म्हणतात आणि नवऱ्याच्या भावाच्या बायकोला तोडिकोडलु. अल्लुडु म्हणजे जावई, कोडलु म्हणजे सून आणि 'तोडु' म्हणजे जोडीचा. एका घरचे दोन जावई झाले की ते एकमेकांचे तोडल्लुडु. इंग्रजीत यांना शोधायला गेलं तर हाती लागतं फक्त ब्रदर-इन-लॉ. त्यात दीर येतो, मेहुणा येतो, दाजी येतात, नणंदेचे यजमानही येतात. एवढी गर्दी दक्षिणेतल्या इंग्रजीला सोसली नाही. तिने को-ब्रदर आणि को-सिस्टर हे शब्द स्वतःच पाडले. इंग्रजीच्या मास्तरांनी ते चूक ठरवले, तरी ते चालूच राहिले.

या पुस्तकाची सुरुवात मी याच शब्दांपासून केली आहे. इंग्रजीतले नातेसंबंधांचे शब्द म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांसमोर आधी बॉयफ्रेंड, क्रश, ब्रेकअप उभे राहतात. तेही पुढे आहेत, भरपूर आहेत. पण आपण इंग्रजीकडून नुसते घेणारे नाही, हे आधी कळलेलं बरं.

पुस्तक कोणासाठी आहे ते सांगतो. हैदराबादेतली मराठी माणसं ढोबळमानाने दोन पिढ्यांची नव्हे, दोन गावांचीच म्हणावी लागतील. एक गाव सुलतान बाजार, काचीगुडा, इसामिया बाजार या भागातलं. त्यांची घरं निजामाच्या काळापासून इथे आहेत, मुलं विवेकवर्धिनीत शिकली, आणि १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे आधी द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, तेव्हा ही माणसं इथेच राहिली. दुसरं गाव माधापूर, गच्चीबावली, कोंडापूरचं. १९९८मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिल्यानंतर नांदेड, लातूर, परभणी, सोलापूरची मुलंमुली अमीरपेठच्या क्लासमधून त्या बाजूला सरकली आणि पीजीत, फ्लॅटमध्ये राहू लागली. पहिल्या गावातल्या आजीला नातीचं बोलणं अर्धंच कळतं. दुसऱ्या गावातल्या मुलाला शब्द तोंडपाठ असतात, पण कुठला शब्द कोणासमोर वापरला तर काय होतं, याचा पत्ता नसतो. दोघांनाही हे पुस्तक हाताशी असावं अशी इच्छा आहे.

या मुलांनी शाळेत बारा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. हैदराबाद तर इंग्रजी शिकवण्याच्या शास्त्राचं देशातलं मोठं ठाणं. १९५८ साली इथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली, पुढे तिला परकीय भाषा जोडल्या गेल्या आणि २००७मध्ये तिचं केंद्रीय विद्यापीठ झालं. मराठी शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला मात्र माणसाचं माणसाशी नातं दोनच जागी यायचं: मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज आणि मित्राला दिवाळीच्या सुट्टीत गावी येण्याचं आमंत्रण. रुसलेल्या मित्राची समजूत कशी घालावी, कुणी आवडत असेल तर कसं सांगावं, आवडत नसेल तर कसं नाकारावं, हे त्या पुस्तकांत नव्हतं. मराठीच्या पुस्तकांत तरी कुठे होतं?

खरा प्रश्न तिथेच आहे. जन्माने आणि लग्नाने येणाऱ्या नात्यांना मराठीने भरभरून नावं दिली. चुलत, मावस, आते, मामे असा नुसता उपसर्ग लावला की रक्ताची वाट कळते. विहीण आणि व्याही यांना तर इंग्रजीत जागाच नाही. पण माणूस स्वतः निवडतो त्या नात्याचं काय? घराने ठरवायच्या आधी दोघांनी ठरवलं, तर बोली मराठीत त्याला लफडं म्हणतात, भानगड म्हणतात, फार सभ्यपणे बोलायचं झालं तर प्रकरण म्हणतात. तिन्ही शब्द चावडीवरचे. शब्द उच्चारला की आरोप दाखल झाला! दुसऱ्या बाजूला प्रियकर, प्रेयसी, सहचर हे पुस्तकी शब्द. 'आई, हा माझा प्रियकर' हे वाक्य कोणत्याही मराठी घरात आजवर कुणी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. चावडी आणि पुस्तक यांच्या मधली जागा रिकामी होती, तिथे बॉयफ्रेंड येऊन बसला. मुलांना मराठीची लाज वाटते म्हणून ती इंग्रजी शब्द वापरतात, हा आरोप मला अर्धवट वाटतो. इंग्रजी शब्दाला घरातल्या थोरांचा आवाज चिकटलेला नसतो, ही त्याची मुख्य सोय आहे.

हैदराबादेत या सोयीला आणखी एक कारण जोडलं जातं. इथे नांदेडच्या मुलाला खम्ममची मुलगी आवडते. त्याची मराठी तिला येत नाही, तिची तेलुगू त्याला जेमतेम बसच्या पाट्यांपुरती कळते, आणि दखनी दोघांच्या तोंडी असली तरी ती रिक्षावाल्याशी भांडायला बरी, असं दोघांनाही उगाच वाटत असतं. मग मनातलं बोलायला इंग्रजी उरते. ही गोष्ट आजची नाही. सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, १८७९ साली हैदराबादेत जन्मल्या, बंगाली घरात. डॉ. गोविंदराजुलु नायडू तेलुगू. जात वेगळी, भाषा वेगळी, शहर उर्दूचं. सरोजिनीबाई शिकायला इंग्लंडला गेल्या, तिथून त्यांनी या माणसाला लिहिलेली पत्रं इंग्रजीत आहेत, आणि १८९८मध्ये त्यांनी नोंदणीच्या कायद्याने लग्न केलं. त्यांच्या नावाशी जोडलेली 'गोल्डन थ्रेशोल्ड' ही वास्तू आजही आबिड्सजवळ उभी आहे. १९७४ साली हैदराबाद विद्यापीठाची सुरुवात त्याच वास्तूत झाली. त्यांच्या कवितांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. दोन भारतीय भाषांच्या मधली जागा म्हणून इंग्रजी वापरणारं जोडपं, या नजरेने त्यांच्याकडे कमीच पाहिलं गेलं.

इंग्रजीच्या आधी हीच जागा फारसीने भरली होती, हे विसरू नये. दोस्त, यार, इश्क, दिलदार हे शब्द आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी आले आणि लावणीत तर घरचे होऊन बसले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. दोस्ती आणि इश्क कारभारात मोडत नसल्यामुळे वाचले असावेत! गंमत म्हणजे यार या शब्दाचं मराठीत काय झालं ते पाहा. मुलाने मुलाला 'यार' म्हटलं की मैत्री. पण बाईचा यार म्हटलं की पुन्हा चावडी. बॉयफ्रेंडचंही उद्या हेच होणार नाही, याची खात्री कोण देणार?

आणि देवाणघेवाण उलट्या दिशेनेही झाली. सुलतान बाजाराला लागूनच कोटीची जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी आहे. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक १७९८ ते १८०५ इथे रेसिडेंट होता. हैदराबादच्या उमराव घराण्यातल्या खैरुन्निसाशी त्याने निकाह लावला, तिच्यासाठी आवारात रंगमहाल बांधला. ईस्ट इंडिया कंपनीच्या वरिष्ठांनी त्याची चौकशी लावली. कंपनीच्या इंग्रजांना अशा स्त्रीसाठी आपल्या भाषेत धड शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी इथलाच 'बीबी' उचलला. १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तो नोंदलेला आहे. ज्या नात्याला समाज नाव द्यायला कचरतो, त्याचं नाव दुसऱ्याच्या भाषेतून आणायचं, ही खोड आपल्या एकट्याची नाही.

आता जरा कायद्याकडे वळतो, कारण इंग्रजी शब्दांनी मराठी घराचा दरवाजा खऱ्या अर्थाने ठोठावला तो कोर्टाच्या बेलिफाच्या हाताने. पुस्तकातलं हे प्रकरण सर्वांत लांब झालं आहे आणि ते मी मुद्दाम लांब ठेवलं आहे.

१८८४ साली दादाजी भिकाजीने मुंबई हायकोर्टात पत्नी रखमाबाईविरुद्ध दावा लावला. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि त्याच्या घरी ती कधी राहायला गेलीच नव्हती. आपल्याकडे याला 'नांदायला येत नाही' असं म्हणतात. दाव्याचं इंग्रजी नाव होतं 'रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स', म्हणजे वैवाहिक हक्क परत मिळवून देणं. इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांतून आलेली कल्पना. न्या. पिन्ही यांनी १८८५मध्ये नेमकं त्या नावावरच बोट ठेवलं. जो सहवास कधी सुरूच झाला नाही, तो परत कसा मिळवून देणार? त्यांनी दावा फेटाळला. अपिलात प्रकरण फिरलं, १८८७मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैदेत जा असं सांगितलं, आणि रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. १८८८मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला. रखमाबाई पुढे इंग्लंडात शिकून डॉक्टर झाल्या.

तो दावा मात्र संपला नाही. स्वतंत्र भारताच्या १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ होऊन बसला. आणि त्याला पहिला जबर धक्का बसला तो हैदराबादेत. १९८३ साली टी. सरिता विरुद्ध टी. वेंकट सुब्बय्या या खटल्यात आंध्र प्रदेश हायकोर्टाचे न्या. पी. ए. चौधरी यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. बाईने कुणाबरोबर राहावं, मूल होऊ द्यावं की नाही, हे हुकूमनाम्याने ठरवणं म्हणजे तिच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला आहे, असा त्या निकालाचा आशय. पुढच्याच वर्षी सरोज राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम वैध ठरवलं आणि चौधरींचा निकाल बाजूला पडला. ज्या इंग्लंडकडून आपण हे घेतलं, तिथे ते १९७०च्या कायद्याने केव्हाच मोडीत निघालं होतं. प्रायव्हसी हा शब्द आज हैदराबादची मुलं 'माझा फोन बघू नकोस' इतक्या अर्थाने वापरतात. त्यांच्याच शहरातल्या एका न्यायाधीशाने तो विवाहाच्या खोलीत नेऊन ठेवला होता, हे त्यांना ठाऊक असायला हवं.

लिव्ह-इन रिलेशनशिपचीही अशीच कथा. मराठी वर्तमानपत्रांत हा शब्द जसाच्या तसा छापला जातो.  कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यात मात्र तो नाही, तिथे शब्द आहेत ते 'विवाहासारख्या स्वरूपाचे संबंध' या अर्थाचे. दोन्ही एकच का, हा प्रश्न २०१०मध्ये डी. वेलुसामी विरुद्ध डी. पचैअम्माल या खटल्यात आला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नाही: दोघं लग्नाच्या कायदेशीर वयाची हवीत, लग्न करायला मोकळी हवीत, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेली हवीत आणि समाजापुढे नवराबायकोसारखी वावरलेली हवीत. चार दिवस एकत्र काढले म्हणून संरक्षण मिळत नाही. त्याच निकालात पैशाने सांभाळलेल्या बाईसाठी 'कीप' हा शब्द वापरला गेला, आणि तेव्हाच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी भर कोर्टात त्याला हरकत घेतली. 'ठेवलेली' या आपल्या शब्दाचीच ती इंग्रजी बहीण. इंग्रजीत म्हटलं की शब्द सोवळा होतो, या समजुतीत राहू नये.

आता जाहिरातींकडे. रविवारच्या पुरवणीतल्या वधू-वर जाहिरातींचं इंग्रजी ही स्वतंत्र बोलीच आहे. तिथे स्थळाला अलायन्स म्हणतात, तिशी ओलांडलेल्या पुरुषाला बॉय म्हणतात, अपत्य नसलेल्या घटस्फोटितेला इश्यूलेस, आणि लग्न मोडण्यात दोष आपला नाही हे सांगायला इनोसन्ट डिव्होर्सी. होमली मुलगी हवी, असं आपल्याकडचा बाप लिहितो, तेव्हा त्याच्या मनात घरात रमणारी सून असते. डॅलसला बसलेला मुलाचा अमेरिकन मित्र ते वाचतो आणि चकित होतो, कारण त्याच्याकडे होमली म्हणजे रूपाने बेतास बात. लव्हर हा शब्दही असाच घातकी. हैदराबादेत पोरं निरागसपणे 'माय लव्हर' म्हणतात आणि कधी हातही धरलेला नसतो. इंग्रजांच्या कानाला मात्र तो थेट शय्यासोबतीचा शब्द लागतो. प्रपोज केलं म्हणजे आपल्याकडे 'आवडतेस' म्हटलं, तिकडे लग्नाची मागणी घातली. अफेअर आपल्याकडे अविवाहितांचंही असतं, तिकडे बहुतेक वेळा कुणाचं तरी लग्न मोडायला निघालेलं असतं. यांतला एकही शब्द मी चूक म्हणून खोडलेला नाही. कुठे कोणता अर्थ, एवढं लिहिलं आहे.

कझिनवर मात्र थोडं थांबावं लागेल. तेलुगू मैत्रीण 'माझा कझिन येतोय' म्हणते तेव्हा मराठी मुलगा निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. तेलुगूत काकाचा किंवा मावशीचा मुलगा भाऊच. पण मामाचा किंवा आत्याचा मुलगा असला तर तो 'बावा', आणि बावाशी लग्न जमू शकतं. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहेच, तेव्हा नवल वाटायचं कारण नाही. नवल याचं की दोन्ही भाषांनी इतक्या काटेकोरपणे जपलेला हा भेद, दोघं इंग्रजीत बोलू लागली की पार नाहीसा होतो.

अगदी अलीकडच्या शब्दांना पुस्तकात कमी जागा दिली आहे. सिच्युएशनशिप २०२३ साली ऑक्सफर्डच्या वर्षाच्या शब्दांच्या यादीत झळकला होता, अनफ्रेंडला २००९मध्ये वर्षाच्या शब्दाचा मान मिळाला. गॅसलायटिंग हा पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८च्या एका नाटकावरून आला, त्यामुळे तो दिसतो त्यापेक्षा बराच म्हातारा आहे, आणि कामाचाही आहे. घोस्टिंग, ब्रेडक्रम्बिंग वगैरे पुढच्या आवृत्तीपर्यंत टिकतील की नाही सांगता येत नाही. टिकले तर बघू. पार्टनर टिकेल असं दिसतं. तरी 'जोडीदार' हा आपला शब्द इतका स्वच्छ, बाईला आणि पुरुषाला, लग्न झालेल्याला आणि न झालेल्याला सारखाच शोभणारा असताना तो मागे का पडावा, हे मला अजून समजलेलं नाही. मी स्वतः तोच वापरतो.

नानकरामगुड्याच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी स्पाउस, सिब्लिंग, फियान्से, डिपेंडंट या शब्दांची वेगळी पानं आहेत. तिथे नातं भावनेने सांगायचं नसतं, कागदाने सिद्ध करायचं असतं. साखरपुडा झाला म्हणजे स्पाउस नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तरी खिडकीपाशी अडचण येणार नाही.

शेवटचं प्रकरण नकाराचं. आपल्या सिनेमांनी नायकाला पाठलाग शिकवला, आणि मुलीच्या नाहीचा अर्थ 'अजून प्रयत्न कर' असा लावायलाही शिकवलं. २०१३मध्ये स्टॉकिंग हा फौजदारी गुन्हा झाला. १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८खाली येतो, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. या शहरात २४ ऑक्टोबर २०१४पासून पोलिसांची शी टीम्स ही पथकं साध्या वेषात बसथांब्यांवर, कॉलेजांबाहेर फिरतात. बाईने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवल्यानंतरही पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला तर तो गुन्हा, असं कलम ७८ सांगतं. आपल्या मुलींना मात्र 'बघू', 'घरी विचारते', 'आता परीक्षा आहे' असली उत्तरं शिकवलेली असतात. त्यांत स्पष्ट असं काहीच नसतं, म्हणून या प्रकरणात इंग्रजीतली सरळ नकाराची वाक्यं दिली आहेत: सौम्य, ठाम, आणि पोलिसांना दाखवता येतील अशी लेखी. मुलांसाठी त्याच पानांवर दुसरा भाग आहे, नकार ऐकल्यावर काय बोलावं याचा. तो लहान आहे, कारण तिथे फारसं बोलायचं नसतंच. आणि इंग्रजी सुचेनाच, तर हैदराबादच्या प्रत्येक रिक्षावाल्यापासून नवाबापर्यंत सगळ्यांना कळणारा 'नक्को' आहे. तो दखनीला आपणच दिला आहे.

शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत, नात्यांप्रमाणे लावले आहेत: मैत्री, प्रेम, लग्न, सासर, दुरावा, नकार. कोश म्हणून वापरायचं असेल त्यांच्यासाठी शेवटी सूची जोडली आहे. घरात कॉलेजला जाणारी मुलंमुली असतील तर पुस्तक कपाटात कुलूपबंद ठेवू नका, बाहेर ठेवा. आणि वेळ कमी असेल त्यांनी बाकी सगळं सोडून आधी ते नकाराचं प्रकरण वाचावं.